स्क्रू किती आटे सोडायचा हे ठरवण्याआधी गाडी नेमकी कुठे अडखळते ते बघा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडिलांची २०११ ची होंडा युनिकॉर्न मोटारसायकल आहे, कार्बोरेटरची. वर्षभर पार्किंगमध्ये उभी होती, आणि गेले तीन महिने तुम्ही ती वारज्याहून हिंजवडीला रोज नेताय. बायपासवर ५०-६० च्या वेगाला काही तक्रार नाही. पण वाकडच्या पुढे गर्दी लागली, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला २०-२५ वर आलात आणि थ्रॉटल जरासा उघडला, की गाडी आधी दबते आणि मग एकदम उसळते. पुढच्या गाडीवर आदळते की काय अशी भीती वाटते. एका मेकॅनिकने मिक्श्चरचा स्क्रू, म्हणजे कमी थ्रॉटलला हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवणारा कार्बोरेटरचा स्क्रू, दीड आटा सोडला, दुसऱ्याने अडीच, एका व्हिडिओत तीन सांगितले. कुणीतरी उघडा फिल्टर आणि मोठा मेन जेट घालायला सांगितलंय. तुम्हाला त्या स्क्रूचा नेमका आकडा हवाय.

आकडा मी सुरुवातीला देत नाही, त्याचं कारण आहे. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्या माझ्याकडे एका दिवशी आल्या तरी त्यांचे आटे सारखे लागत नाहीत. एकीचे टॅपेट (इंजिनाच्या झडपांची फट जुळवणारे स्क्रू) घट्ट असतात, दुसरीच्या कार्बोरेटरमधलं एखादं सूक्ष्म भोक अर्धं बुजलेलं असतं. स्क्रू कुठे येऊन थांबला हे सगळी गाडी निरोगी झाल्यावर कळतं. आधीच आकडा धरून बसलं की दुसरीकडचा दोष स्क्रूने झाकला जातो आणि आठ दिवसांनी परत वर येतो. तुमच्या बाबतीत तेच दोनदा झालंय असं मला वाटतं.

मी २६ वर्षं दुचाकीचं काम करतोय. पहिली सहा वर्षं नाना पेठेत उस्तादांच्या हाताखाली गेली, त्यानंतर धायरीत स्वतःचं गॅरेज काढलं. इंजेक्शनच्या गाड्या आल्यापासून कार्बोरेटरचं काम कमी झालं, पण बंद झालेलं नाही. एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस-६ नियम आल्यानंतर बहुतेक नव्या मोटारसायकली इंजेक्शनवर गेल्या. त्याआधीच्या लाखो गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांना नीट हात लावणारी माणसं मात्र कमी होत चालली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या वर्णनात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. ५०-६० ला गाडी ठीक चालते, त्रास फक्त थ्रॉटल बंद असताना तो जरा उघडताना होतो. म्हणजे मेन जेटचा इथे जवळजवळ संबंध नाही. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल यायच्या वाटा पाळीपाळीने काम करतात. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, निडल म्हणजे त्यात वरखाली होणारी निमुळती सुई. थ्रॉटल बंद असताना आणि साधारण पहिल्या आठव्या हिश्शापर्यंत पायलट जेट आणि तो मिक्श्चरचा स्क्रू. तिथून पाव भागापर्यंत पायलट जेट आणि निडल यांचं मिश्र राज्य. पावपासून पाऊण भागापर्यंत निडल आणि ती ज्यातून वरखाली होते तो निडल जेट. मेन जेटची खरी सत्ता शेवटच्या पाव भागात. हिंजवडीच्या गर्दीत तुमची मूठ तिथवर कधी जातच नाही. मोठा मेन जेट घालून तुमचा झटका जाणार नाही, फक्त ॲव्हरेज जाईल.

आता तो पहिला आठवा हिस्सा नीट समजून घ्या, कारण सगळी गोम तिथे आहे. युनिकॉर्नच्या कार्बोरेटरमध्ये दोन झडपा असतात. मुठीची केबल एक गोल पत्ती फिरवते. तिच्यामागे वर-खाली सरकणारी स्लाइड असते, तिच्या डोक्यावर रबराचा पातळ डायफ्राम. ही स्लाइड तुम्ही उचलत नाही, इंजिन हवा आत खेचतं ती ओढ तिला उचलते. म्हणून या जातीचे कार्बोरेटर मुळात मऊ असतात. जुन्या बुलेटमध्ये किंवा आरएक्स १०० मध्ये केबल थेट स्लाइड उचलते, तिथे मूठ झटक्यात पिळली तर गाडी गुदमरते हे त्या गाड्या चालवलेल्यांना माहीत असतं. तुमच्या गाडीत तसं व्हायला नको, आणि होतंय. म्हणजे काहीतरी बिघडलंय.

गोल पत्ती बंद असताना तिच्या इंजिनाकडच्या बाजूला जोरदार ओढ असते. तिथल्या एका बारीक भोकातून आयडलचं पेट्रोल येतं. पत्तीच्या कडेजवळ आणखी दोन-तीन बारीक भोकं असतात. पत्ती किंचित उघडली की ती एकेक करून ओढीच्या बाजूला येतात आणि वाढलेल्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल देतात. तेवढ्यात स्लाइड उचलली जाते आणि पुढची जबाबदारी निडल घेते. ही हातमिळवणी बिनबोभाट झाली तर तुम्हाला थ्रॉटल रेशमासारखा वाटतो. त्या बाजूच्या भोकांपैकी एक जरी बुजलेलं असेल, तर हवा वाढते पण पेट्रोल वाढत नाही. गाडी दबते. पुढच्या क्षणी निडल पेट्रोल देऊ लागते आणि गाडी उसळते. तुम्ही लिहिलेलं ‘आधी दबते, मग उसळते’ हे याचंच वर्णन आहे. वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीत तर हा दोष मी सगळ्यात आधी शोधतो.

पण लगेच कार्बोरेटर उतरवू नका. सगळे झटके कार्बोरेटरचे नसतात, हे मला शिकायला एक गाडी पुरली. सदाशिव पेठेतल्या एका प्राध्यापकांची गाडी होती, तक्रार अगदी तुमच्यासारखी. मी कार्बोरेटर तीन वेळा उतरवून साफ केला, निडल बदलली, पायलट जेट बदलला. ते बिचारे तीन शनिवार येऊन बसले. चौथ्यांदा गाडी मेन स्टँडवर घेऊन, गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढेमागे हलवलं, तेव्हा चाक दोन-तीन बोटं नुसतंच हललं. हब रबर, म्हणजे मागच्या चाकाच्या हबमधले धक्का झेलणारे रबराचे तुकडे, पार दबून गेले होते. थ्रॉटल उघडला की आधी ती सगळी ढिलाई भरून निघायची आणि मग ओढ एकदम चाकावर पडायची. हब रबराचा सेट बदलला आणि गाडी गप्प झाली. त्या दिवसापासून झटक्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक गाडीचं मागचं चाक मी आधी हलवून बघतो.

तेव्हा तुम्हीही तिथूनच सुरू करा. चेनची ढिलाई बघा. मधोमध वर-खाली साधारण २० ते ३० मिलिमीटर हलायला हवी, नेमका आकडा तुमच्या पुस्तिकेत आहे. चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागत असेल तर ती गेलेली आहे, ताणून उपयोग नाही. मग हब रबर. मग थ्रॉटलची केबल. मूठ फिरवताना पहिले २ ते ६ मिलिमीटर मोकळं फिरलं पाहिजे. त्याहून जास्त मोकळं असेल तर तुमचा हात आधी पोकळीत फिरतो आणि मग पत्ती नको तितकी उघडते. गर्दीतला अर्धा झटका कधीकधी एवढ्यानेच जातो. मूठ सोडल्यावर स्वतःहून टप्पकन बंद झाली पाहिजे. गाडी चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा, रेस जराही वाढता कामा नये. वाढत असेल तर केबल कुठेतरी ताणली जातेय, ते आधी दुरुस्त करा, कारण वळणावर आपोआप रेस वाढणारी गाडी जिवावर बेतू शकते.

यानंतर एक साधी परीक्षा करा, तिला एक पैसा लागत नाही. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून नीट गरम करा. रविवारी सकाळी मोकळा रस्ता बघा आणि तिसऱ्या गिअरला २५ वर तो झटका मुद्दाम काढा. मग गाडी बाजूला घेऊन चोक थोडासा, पाव-अर्धा ओढा आणि परत तेच करा. झटका कमी झाला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडला तर पेट्रोल जास्त होतंय. काहीच फरक पडला नाही तर मिश्रण सोडून इतरत्र बघा. माझा अंदाज आहे की तुमच्या गाडीला चोक दिल्यावर बरं वाटेल. पण तो अंदाज आहे, परीक्षा तुम्ही करा. आणि परीक्षेनंतर चोक बंद करायला विसरू नका. चोक ओढून गाडी वापरत राहिलात तर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरची तेलाची फिल्म धुऊन काढतं.

पेट्रोल कमी पडत असेल तर त्याची दोन कारणं असू शकतात. पेट्रोलच्या वाटेत अडथळा आहे, किंवा हवा चोरवाटेने आत येतेय. दुसरं आधी तपासा, कारण त्याला काही उघडावं लागत नाही. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचा जोड असतो. १२-१४ वर्षांत ते रबर कडक होतं आणि त्याला बारीक चिरा जातात. थंड असताना चिरा मिटलेल्या असतात, गाडी गरम झाली की उघडतात. म्हणून ‘सकाळी गाडी छान चालते, ऑफिसजवळ पोहोचता पोहोचता बिघडते’ असं सांगणारे बरेच जण याच चिरेचे शिकार असतात. गाडी गरम करून आयडलवर ठेवा आणि झाडांना पाणी मारायच्या फवाऱ्याने त्या जोडाभोवती पाण्याचा हलका फवारा मारा. इंजिनाचा आवाज बदलला तर तिथे हवा घेतेय. काही जण यासाठी पेट्रोल किंवा क्लीनरचा स्प्रे मारतात. गरम सायलेन्सरशेजारी तसलं काही करू नका, पाणी पुरतं. रबराला चीर दिसली तर सोल्युशन लावून भागवू नका. नवीन घ्या आणि क्लॅम्पही बदला.

टॅपेटचंही इथेच सांगतो. ७०-८० हजार किलोमीटर झालेल्या इंजिनात टॅपेट शेवटचे कधी बघितले हे बहुतेकांना आठवत नाही. ते घट्ट झाले असतील तर इंजिनाची झडप पूर्ण बसत नाही आणि आयडलची ओढच कमी पडते. कमी ओढीवर कुठलाही स्क्रू नीट लागणार नाही. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभी राहिल्यावर, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पुस्तिकेतल्या आकड्यावर बसवून घ्या. प्लगही काढून बघा. बिस्किटासारखा रंग असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट कोरडा म्हणजे कमी. आजच्या पेट्रोलवर हा रंग पूर्वीसारखा ठसठशीत उमटत नाही, म्हणून एकट्या प्लगवर निकाल देऊ नका.

आता कार्बोरेटर. तो उतरवण्याआधी खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सोडून आतलं पेट्रोल एका काचेच्या भांड्यात घ्या आणि दोन मिनिटं ठेवा. तळाशी वेगळे थेंब बसले तर पाणी आहे. तपकिरी गाळ असेल तर टाकीत गंज आहे, आणि मग नुसता कार्बोरेटर धुऊन उपयोग नाही, महिनाभरात तेच होईल. पांढरट पावडर दिसली तर जस्ताच्या मिश्रधातूची वाटी आतून खाल्ली जातेय. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पुण्यातल्या चार पावसाळी महिन्यांत बंद पार्किंगमध्ये अर्ध्या टाकीवर उभ्या असलेल्या गाडीला हवेतला ओलावा भरपूर मिळतो. वर्षभर उभी करायची गाडी टाकी भरून आणि वाटी रिकामी करून उभी करायची असते. वडिलांना त्या वेळी कुणी हे सांगितलं नसणार, त्यात त्यांची काही चूक नाही.

उतरवल्यावर मिक्श्चरच्या स्क्रूपाशी थांबा. तो बाहेर काढण्याआधी हलक्या हाताने आत फिरवा आणि तो टेकेपर्यंत किती आटे गेले ते मोजून लिहून ठेवा. टेकला की थांबायचं. जोर लावलात तर त्याचं सुईसारखं टोक बसण्याच्या जागेला घास पाडतं, कधी टोक मोडून भोकात अडकतं. माझ्याकडे एक गाडी आली होती जिच्या स्क्रूचं टोक आधीच्या दोन गॅरेजांत पिळून पिळून मोडलेलं होतं. त्या कार्बोरेटरला मग कितीही आटे सोडा, फरक पडत नव्हता, कारण भोक त्या तुटक्या टोकानेच बंद झालेलं होतं. तुमच्या स्क्रूला आतापर्यंत निदान दोघांनी हात लावलाय, म्हणून तो बाहेर काढून उन्हात धरून टोक नीट बघाच. त्याच्यासोबत एक स्प्रिंग, एक बारीक वॉशर आणि एक इवलासा ओ-रिंग निघतो. तो ओ-रिंग बऱ्याचदा आतच चिकटून राहतो आणि क्लीनर मारल्यावर फुगून जातो, किंवा हरवतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तो नसेल तर स्क्रूच्या आट्यांतून हवा जाते आणि गाडी आयडलवर कधीच स्थिर होत नाही. परत बसवताना आधी स्प्रिंग, मग वॉशर, मग ओ-रिंग, आणि सगळे टोकाच्या बाजूने.

पायलट जेट काढून उजेडाकडे धरा. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं आणि ते पूर्ण गोल दिसलं पाहिजे. चंद्रकोर दिसली तर आत कचरा आहे. कार्बोरेटर क्लीनर मारा, पंधरा मिनिटं ठेवा, मग कंप्रेसरची हवा मारा. तार, टाचणी, वायरब्रशचा केस, काही म्हणजे काही त्यात घालू नका. पितळ मऊ असतं. भोक केसाएवढं जरी मोठं झालं तरी जेट बिघडला, आणि ते डोळ्याला दिसत नाही म्हणून पुढचे सगळे मेकॅनिक चक्रावतात. जेट साफ होत नसेल तर नवीन घ्या. बाजूच्या त्या दोन-तीन भोकांत क्लीनरची नळी लावून मारा आणि प्रत्येकातून फवारा बाहेर येतोय का ते डोळ्यांनी बघा. हे काम कंटाळवाणं आहे. पण तुमच्या तक्रारीचं उत्तर बहुधा याच दहा मिनिटांत आहे.

क्लीनर मारण्याआधी वरचं झाकण उघडून डायफ्राम बाहेर काढायला विसरू नका. क्लीनर त्या रबराला लागला की ते फुगतं आणि कायमचं वाकडं होतं. डायफ्राम उन्हाकडे धरून हलका ताणून बघा, सुईच्या टोकाएवढंही छिद्र नको. स्लाइड परत बसवल्यावर बोटाने वर उचला, डायफ्रामच्या हवेची वाट दुसऱ्या बोटाने झाका आणि स्लाइड सोडा. ती तरंगत हळूहळू खाली आली पाहिजे. धप्पकन पडली तर कुठेतरी हवा जातेय. मधेच अडकली तर तिच्या अंगावर जुन्या पेट्रोलचं पिवळं वार्निश आहे, ते मऊ कापडाने पुसा, पॉलिश पेपर लावू नका. स्लाइडला भोकं मोठी करून किंवा स्प्रिंग कापून गाडी ‘चपळ’ करायचे सल्ले मिळतात. गर्दीत मऊ चालणारी गाडी हवी असणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, त्याने झटका वाढतोच.

वाटीत तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. ती मी फक्त एवढ्यासाठी सांगतो की पातळी जास्त असेल तर सगळंच मिश्रण जड होतं, म्हणजे पेट्रोल जास्त, आणि कमी असेल तर सगळंच हलकं, म्हणजे पेट्रोल कमी. प्लास्टिकच्या फ्लोटला वाकवता येत नाही. वाटीत येणारं पेट्रोल बंद करणाऱ्या निडल व्हॉल्व्हच्या टोकाला रिंगण पडलं असेल तर तो बदलायचा, बस.

हे सगळं झाल्यावर आता स्क्रू. तुमच्या कार्बोरेटरमध्ये तो इंजिनाकडच्या बाजूला आहे, म्हणजे तो पेट्रोल मोजतो. बाहेर सोडला की पेट्रोल वाढतं, आत घेतला की कमी होतं. ज्या कार्बोरेटरमध्ये तो फिल्टरच्या बाजूला असतो, आरएक्स १०० सारख्या, तिथे तो हवा मोजतो आणि सगळं उलटं होतं. बाहेर सोडला की हवा वाढते. इंटरनेटवरचे अर्धे गोंधळ या एका फरकामुळे आहेत. सांगणारा एका गाडीचं सांगतो, ऐकणारा दुसऱ्या गाडीला लावतो.

सुरुवातीला हलकेच टेकवून दोन आटे सोडा. ही फक्त सुरुवात आहे, आकडा नाही. गाडी दहा किलोमीटर चालवून आणा, उभ्याउभ्या गरम केलेली चालत नाही. आयडल नेहमीपेक्षा किंचित वर ठेवा. मग स्क्रू पाव-पाव आटा आत घ्या, प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंद थांबा, ऐका. एका जागी इंजिन अडखळायला लागेल. ती जागा लक्षात ठेवा. आता तसाच पाव-पाव बाहेर सोडत जा. आवाज चढेल, स्थिर होईल, आणि मग एका जागी परत जड, घोगरा होऊ लागेल. तीही जागा लक्षात ठेवा. या दोन्हींच्या मध्ये जिथे आयडल सगळ्यात उंच आणि सलग असतं, तिथे या. तिथून अष्टमांश ते पाव आटा आणखी बाहेर सोडा. तो शेवटचा जरासा भाग थ्रॉटल उघडताना कामाला येतो, कारण एकदम हवा वाढली की जड पेट्रोल तिच्यामागे रेंगाळतं आणि क्षणभर मिश्रण हलकं पडतं. शेवटी आयडल १४०० च्या आसपास आणा. टॅकोमीटर नसेल तर हेडलाइट लावून, गाडी न बंद पडता शांत चालेल इतपत. हे सगळं चार-पाच मिनिटांत उरका. हवेवर थंड होणारं इंजिन उभ्या जागी जास्त तापलं की त्याचं बोलणंच बदलतं.

इथे आकडा उपयोगी पडतो, पण वेगळ्या अर्थाने. उत्तम जागा तीन आट्यांच्याही पलीकडे येत असेल, तर स्क्रू तुम्हाला सांगतोय की पायलट जेट अजून बुजलेला आहे, कुठेतरी हवा घेतेय किंवा जेटच लहान पडतोय. एका आट्याच्या आत येत असेल तर पेट्रोल दुसरीकडून जास्त येतंय. बहुधा फ्लोट, अडकलेला चोक किंवा तुंबलेला फिल्टर. व्हिडिओतले तीन आटे कुणाच्या तरी गाडीला खरंच लागले असतील. तुमच्या गाडीला का लागतील?

आता ज्याचा उल्लेख हल्ली फार कमी जण करतात ते इंधन. तुमची गाडी २०११ साली ज्या पेट्रोलसाठी जुळवली होती, ते आज बहुतेक पंपांवर मिळत नाही. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. आज पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या इंधनाला मग सुमारे १३.५ पट लागते. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सरवरून हे ओळखून पेट्रोल वाढवते. कार्बोरेटरला ते कळत नाही, तो तेवढंच मोजून देतो आणि मिश्रण सात-आठ टक्के हलकं पडतं. मोठ्या थ्रॉटलला हे फारसं जाणवत नाही, पण त्या पहिल्या आठव्या हिश्शात, जिथे कंपनीने धुराच्या नियमांसाठी आधीच मिश्रण हलकं ठेवलेलं असतं, तिथे बरोबर जाणवतं. गेली दोन-तीन वर्षं माझ्याकडे येणाऱ्या जुन्या कार्बोरेटर गाड्या पूर्वीपेक्षा पाव ते अर्धा आटा जास्त मागतात, हे मी माझ्या वहीतल्या नोंदींवरून सांगतोय. काहींना पायलट जेट एक नंबर वरचा द्यावा लागतो. मात्र तो निर्णय साफसफाई आणि हवेची तपासणी झाल्यावरच, आणि एकच पायरी वर. तेवढ्यानेही २५ च्या वेगाला किंचित दबणं उरलं, तर निडलखाली अर्ध्या मिलिमीटरचं पातळ वॉशर घालून ती उचलता येते. त्यानंतर धूर तपासून घ्या. पीयूसीच्या कागदासाठी नाही, जास्त झालंय का ते आकड्यात दिसतं म्हणून.

जागेचाही थोडा फरक पडतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, इथली हवा कोकणापेक्षा साधारण ५ टक्के विरळ. मिश्रणावर त्याचा परिणाम त्याच्या निम्माच होतो. ताम्हिणी उतरून खाली गेलात तर गाडी किंचित हलकी होईल, महाबळेश्वरला गेलात तर किंचित जड. त्यासाठी स्क्रूला हात लावायची गरज नाही. डिसेंबरच्या सकाळी पारा १० च्या खाली जातो तेव्हा पहिले दोन किलोमीटर गाडी थोडी दबली तर तेही चालायचंच. जुळवणी मात्र तुम्ही रोज ज्या वेळी गाडी वापरता त्या हवेत करा, भर दुपारी एप्रिलमध्ये नाही.

उघड्या फिल्टरबद्दल स्पष्ट सांगतो, घालू नका. कंपनीचा फिल्टरचा डबा हवा शांत करून कार्बोरेटरपर्यंत आणतो, आणि या डायफ्रामच्या जातीला ती शांत हवा लागते. डबा काढला की मिश्रण आणखी हलकं होतं. शिवाय हिंजवडीच्या वाटेवरची बांधकामांची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाईल. मूळ कागदी फिल्टर तेलकट असेल तर तो हवा मारून किंवा धुऊन साफ करायचा नसतो, नवीन घालायचा. तो तुंबलेला असताना केलेली जुळवणी नवीन फिल्टर घातल्यावर चुकीची ठरते, म्हणून फिल्टर आधी, स्क्रू नंतर.

सुट्या भागांसाठी नाना पेठेत जाणार असाल तर जुना पायलट जेट, ओ-रिंग आणि रबरी जोड सोबत न्या आणि शेजारी ठेवून ताडून घ्या. जेटवरचा नंबर भिंगाखाली वाचा. पूर्ण ‘कार्बोरेटर किट’ पाकिटात स्वस्त मिळतं, पण त्यातले जेट आणि निडल मापात असतीलच असं नाही. मी त्यातली वाटीची पॅकिंग आणि ओ-रिंग वापरतो, जेट आणि निडल मूळच्याच साफ करून ठेवतो.

तुम्ही स्वतः करणार असाल तर एका रविवारी सगळं करू नका. पहिल्या दिवशी चेन, हब रबर, केबल, टॅपेट, फिल्टर. मग आठवडाभर हिंजवडीला जाऊन या. झटका किती उरला ते बघा. उरला तर पुढच्या रविवारी कार्बोरेटर. दोन बदल एकदम केले की कशाने बरं वाटलं ते कळत नाही, आणि सहा महिन्यांनी तक्रार परत आली तर पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं. जुळवणी झाल्यावर वारज्याहून चांदणी चौकाकडे जो चढ लागतो तिथे तिसऱ्या गिअरला ३० वरून हळूच मूठ उघडून बघा. सपाट रस्त्यावर जे लपतं ते त्या चढावर दिसतं. सकाळी लवकर जा, मागे ट्रक नसताना.

मेकॅनिककडेच द्यायची असेल तर ‘ट्यूनिंग करा’ असं सांगू नका, त्याचा अर्थ तो स्क्रू फिरवणं असा घेईल. ‘तिसऱ्या गिअरला २५ ला थ्रॉटल उघडताना दबते, बाकी ठीक आहे’ असं सांगा आणि त्याला गाडीवर बसवून ते दाखवा. चांगला मेकॅनिक गाडी चालवून बघितल्याशिवाय पाना हातात घेत नाही.

चोकच्या परीक्षेत काय दिसलं, वाटीतून काय निघालं आणि स्क्रू टेकेपर्यंत किती आटे आत गेला, या तीन गोष्टी इथे लिहा. फोटो टाकणार असाल तर स्क्रूच्या टोकाचा आणि त्या रबरी जोडाचा टाका, उन्हात काढलेला. त्यावरून पायलट जेट बदलायचा की नाही ते सांगता येईल.